द्राक्षमळ्यांच्या मुलखात चार दिवस: मुक्काम, चव, जेवण आणि खरेदी

वाइनच्या प्रदेशात सहलीला निघणारे बहुतेक जण आखणी उलट्या टोकाकडून सुरू करतात. आधी नामांकित वाइनरींची यादी तयार होते, मग त्या यादीच्या मध्यावर कुठेतरी हॉटेल शोधले जाते आणि शेवटी लक्षात येते की रोजचे तीन तास गाडीत जाणार आहेत आणि गाडी चालवणाऱ्याच्या वाट्याला नुसता वास येणार आहे. माझ्या मते पहिला प्रश्न एकच असावा: संध्याकाळी परत कसे यायचे? युरोपातील बहुतेक देशांत वाहनचालकाच्या रक्तातील मद्यार्काची मर्यादा लिटरमागे ०.५ ग्रॅम आहे, तर हंगेरी आणि चेक प्रजासत्ताकात ती शून्य आहे. त्यामुळे ‘थोडीशीच चाखली’ ही सबब चालत नाही. या प्रश्नाचे उत्तर ‘पायी’ किंवा ‘रेल्वेने’ असे आले की मुक्कामाचे गाव जवळजवळ ठरल्यात जमा असते आणि गाव ठरले की जेवणाच्या वेळा, चव घेण्याच्या भेटी आणि बाजारहाट या सगळ्यांची सोय त्याच्याभोवती लावता येते.

गाव आधी, हॉटेल नंतर

पायी फिरता येतील अशी वाइनची गावे वाटतात त्याहून बरीच आहेत. स्पेनच्या रियोहा प्रदेशातील आरो या गावात रेल्वे स्थानकाला लागूनच जुन्या वाइनरींची वस्ती आहे. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा या किडीने फ्रान्समधील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले, तेव्हा बोर्दोच्या व्यापाऱ्यांनी रियोहाकडे धाव घेतली आणि पिंपे गाडीवर चढवणे सोपे जावे म्हणून तळघरे स्थानकाशेजारीच उभी राहिली. लोपेस दे एरेदिया ही वाइनरी त्यांपैकीच, १८७७ सालची. तेव्हा मालगाडीसाठी केलेली ती सोय आज पाहुण्यांच्या पथ्यावर पडते, कारण एका तळघरातून निघून दुसऱ्यात पोहोचायला काही मिनिटे पुरतात. फ्रान्समध्ये बर्गंडीतील बोन हे असेच गाव आहे. तिथे जुन्या तटबंदीच्या आत, रस्त्यांच्या खालीच तळघरे पसरलेली आहेत. शॅम्पेन प्रदेशातील एपर्ने येथे एकाच रुंद रस्त्यावर मोठमोठ्या शॅम्पेन घराण्यांची दारे ओळीने लागतात. पोर्तुगालच्या पोर्तो शहरात राहिल्यास १८८६ सालच्या दोन मजली लोखंडी पुलावरून चालत दोउरो नदी ओलांडली की पलीकडच्या विला नोव्हा दि गायात पोर्ट वाइनची गोदामे सुरू होतात.

रेल्वेचे उत्तर याहून सुखाचे असते, कारण प्रवास हाच सहलीचा भाग होतो. पोर्तोहून निघणारी दोउरो मार्गावरील गाडी बराच वेळ नदीला चिकटून धावते. वाटेत पिन्याओ हे छोटे स्थानक लागते. त्याच्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या टाइल्समध्ये द्राक्षतोडणीची, पाट्या वाहणाऱ्या माणसांची आणि पिंपे नेणाऱ्या होड्यांची चित्रे आहेत. याच खोऱ्याची हद्द १७५६ मध्ये आखून देण्यात आली आणि सरकारी आज्ञेने सीमा ठरवून दिलेल्या जगातील सर्वांत जुन्या वाइन प्रदेशांत त्याची गणना होते. स्वित्झर्लंडमध्ये लोझान ते वेवे या दरम्यान लावो भागातील पायऱ्यापायऱ्यांची शेते सरोवराच्या काठाने पसरली आहेत. एका स्थानकावर उतरावे, मळ्यांमधून चालत जावे आणि पुढच्या स्थानकावर गाडी पकडावी. दक्षिण आफ्रिकेतील फ्रान्शहूकमध्ये तर पर्यटकांसाठी खास वाइन ट्राम चालते. इटलीतील टस्कनी, अमेरिकेतील नापा किंवा आर्जेन्टिनातील मेंदोसा यांचे मात्र तसे नाही. तिथे अंतरे मोठी आहेत, त्यामुळे दिवसभरासाठी चालकासह गाडी ठरवणे भाग पडते आणि तो खर्च अंदाजपत्रकात पहिल्याच ओळीत लिहून ठेवावा.

हंगामाबद्दल एक भ्रम दूर करायला हवा. उत्तर गोलार्धात द्राक्षतोडणी साधारण ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत आणि दक्षिण गोलार्धात फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते. हाच काळ सर्वांत चांगला असे सगळीकडे लिहिलेले असते. मळ्यात लगबग असते हे खरे. पण लहान उत्पादकाच्या घरची सगळी माणसे त्या दिवसांत पहाटेपासून कामाला जुंपलेली असतात आणि पाहुण्याशी निवांत बोलायला कोणालाच सवड नसते. गप्पा हव्या असतील तर उत्तरेत मे-जून किंवा तोडणी संपून पाने तांबडी-पिवळी होतात ते दिवस निवडावेत. जत्रा-उत्सवांच्या तारखाही आधी पाहून घ्याव्यात: नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी बोनमध्ये तेथील जुन्या धर्मादाय रुग्णालयाच्या मळ्यांतील वाइनचा लिलाव होतो आणि तेव्हा गावात खोली मिळणे दुरापास्त होते; तर २९ जूनला आरोजवळच्या टेकडीवर लोक एकमेकांना लाल वाइनने न्हाऊ घालतात, तेव्हा पांढरे कपडे घालून जाण्याची प्रथाच आहे आणि ते कपडे पुन्हा पांढरे होत नाहीत.

मुक्काम कुठे करावा

देखण्या मुक्कामाचे प्रकार देशागणिक निराळे आहेत आणि त्यांची नावे माहीत असली की शोध सोपा होतो. स्पेनमध्ये ‘पारादोर’ ही सरकारी मालकीच्या हॉटेलांची साखळी १९२८ पासून आहे. त्यांपैकी अनेक हॉटेले जुने किल्ले, मठ आणि वाडे यांत थाटलेली आहेत. पोर्तुगालमध्ये ‘पोसादा’ हा तसाच प्रकार १९४२ मध्ये सुरू झाला. इटलीतील ‘अॅग्रितुरिझ्मो’ म्हणजे शेतघरातील मुक्काम. तिथल्या कायद्यानुसार शेती हाच मालकाचा मुख्य व्यवसाय असावा लागतो, म्हणून तिथे न्याहारीला समोर येणारे जॅम आणि तेल बहुधा त्याच आवारातले असते. आणि निव्वळ थाटाचा मुक्काम हवा असेल तर रियोहातील एल्सिएगो गावात फ्रँक गेरी या वास्तुविशारदाने मार्केस दे रिस्काल वाइनरीसाठी उभारलेले, २००६ मध्ये सुरू झालेले हॉटेल आहे. त्याच्या छतावरील धातूच्या लाटांचे रंग त्या वाइनरीच्या बाटलीवरून घेतले आहेत: गुलाबी रंग वाइनचा, सोनेरी बाटलीभोवतीच्या जाळीचा आणि चंदेरी बुचावरील आवरणाचा.

चार रात्री असतील तर तीन शेतघरात आणि शेवटची एकच महागड्या हॉटेलात घालवावी, असे माझे मत आहे. पहिल्याच रात्री थाट अनुभवला की पुढची प्रत्येक खोली अकारण डावी वाटू लागते. शिवाय थाटाच्या हॉटेलात दिवसभर राहिले तरच त्याचे पैसे वसूल होतात आणि वाइनरींच्या भेटी असलेल्या दिवशी खोलीत कोणीच नसते.

खोली घेण्यापूर्वी विचारायच्या गोष्टी छायाचित्रांत दिसत नाहीत. रात्रीचे जेवण तिथेच मिळते का आणि कोणत्या वारी मिळत नाही? सर्वांत जवळचे खानावळवजा ठिकाण पायी किती दूर आहे आणि त्या रस्त्याला दिवे आहेत का? मळ्यातून अंधारात दोन किलोमीटर चालत येणे कागदावर रम्य वाटते. खोलीची खिडकी ट्रॅक्टर उभे असतात त्या अंगणाकडे आहे का, हेही तोडणीच्या दिवसांत विचारावे, कारण उन्हाचा तडाखा टाळण्यासाठी काम पहाटेपासूनच सुरू होते.

चव घेताना

भेटीची वेळ दोन-तीन आठवडे आधी ईमेलने ठरवावी. त्या पत्रात किती माणसे येणार, कोणती भाषा चालेल आणि वाइनची आपल्याला कितपत ओळख आहे, हे तीन मुद्दे लिहिले की यजमानाला बाटल्या निवडणे सोपे जाते. अगदी नवखे असू तर तसेच लिहावे, त्यात कमीपणा नाही. नापा परगण्यात तर १९९० च्या नियमामुळे त्यानंतर स्थापन झालेल्या बहुतेक वाइनरींत वेळ ठरवल्याशिवाय प्रवेशच मिळत नाही. ठरलेली वेळ चुकणार असेल तर फोन करावा, कारण लहान ठिकाणी आपल्यासाठी कोणीतरी मळ्यातून काम सोडून आलेले असते.

दिवसाला दोनच भेटी घ्याव्यात, एक सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास आणि दुसरी दुपारी चारनंतर. मी एकदा हौसेने एका दिवसात चार वाइनरी केल्या. तिसऱ्या ठिकाणी माझ्या वहीत प्रत्येक वाइनपुढे ‘चांगली’ एवढेच लिहिलेले आहे आणि चौथ्या ठिकाणचे पान कोरे आहे. तोंड थकते ते मद्यार्कामुळे आणि लाल वाइनमधील टॅनिन या तुरट द्रव्यामुळे. सकाळी पोटभर न्याहारी करावी, भेटीच्या अगोदरच्या तासाभरात कॉफी, पुदिन्याच्या गोळ्या व टूथपेस्ट टाळावी आणि अत्तर तर मुळीच लावू नये. आपल्या अत्तराने खोलीतील सगळ्यांच्या पेल्यांचा वास बिघडतो.

आता प्रत्यक्ष पेल्याकडे वळू. पेला दांडीला धरावा आणि पांढऱ्या कागदावर तिरपा करून कडेचा रंग पाहावा. लाल वाइन वयाबरोबर जांभळ्याकडून विटकरी रंगाकडे झुकते, तर पांढरी गडद सोनेरी होत जाते. पहिला वास पेला न हलवता घ्यावा, मग हळूच गोल फिरवून दुसरा घ्यावा. या दोन वासांतील फरक हाच बहुधा सर्वांत बोलका असतो. त्यानंतर लहान घोट घेऊन थोडी हवा आत ओढावी आणि तो घोट हिरड्यांपर्यंत फिरवावा. आंबटपणा जास्त असेल तर जिभेच्या कडांना लाळ सुटते. टॅनिन जास्त असेल तर वरची हिरडी आणि गालांची आतली बाजू कोरडी पडते, जशी फार वेळ उकळलेल्या बिनदुधाच्या चहाने पडते. घोट थुंकल्यावर मनात आकडे मोजावेत आणि चव किती वेळ मागे रेंगाळते ते पाहावे. पेल्याच्या भिंतीवरून ओघळणाऱ्या रेषांवरून मात्र दर्जा ठरवू नये. त्या मुख्यतः मद्यार्काचे आणि काही अंशी साखरेचे प्रमाण सांगतात, त्यापलीकडे काही नाही.

थुंकण्याची लाज वाटण्याचे कारण नाही. टेबलावर ठेवलेली बादली किंवा पिकदाणी त्यासाठीच असते आणि व्यवसायातील जाणकार सर्रास थुंकतात. एका वेळचा पेला ३० ते ५० मिलिलिटरचा धरला तरी सहा वाइन चाखताना पाव लिटरच्या आसपास पोटात जाते, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या बाटलीचा एक तृतीयांश. आणि हे दुपारच्या जेवणाआधी.

क्रम सहसा फसफसणारी, हलकी पांढरी, भारदस्त पांढरी, लाल आणि शेवटी गोड असा असतो. बर्गंडीतील अनेक तळघरांत मात्र लाल आधी देतात आणि पांढरी नंतर. पहिल्यांदा हे चुकल्यासारखे वाटते. पण तिथल्या लाल वाइन नाजूक असतात आणि दमदार, आंबटसर पांढरी वाइन त्यानंतर घेतल्यास झाकोळत नाही.

एका ठिकाणी तरी वाइन कशी मुरते हे डोळ्यांनी पाहावे, आणि त्यासाठी मी दक्षिण स्पेनमधील हेरेसचे नाव घेईन. तिथल्या उंच, अंधाऱ्या गोदामांत काळ्या रंगाची पिंपे एकावर एक रचलेली असतात. काही पिंपे मुद्दाम काठोकाठ भरत नाहीत, म्हणजे वाइनच्या पृष्ठभागावर यीस्टची ‘फ्लोर’ नावाची पांढुरकी साय धरते आणि खालच्या वाइनला हवेपासून वाचवते. सर्वांत खालच्या रांगेतील पिंपातून थोडीच वाइन काढतात, ती तूट वरच्या रांगेतून भरून काढतात, वरच्या रांगेची तिच्याही वरून. त्यामुळे बाटलीत अनेक वर्षांची वाइन एकत्र आलेली असते आणि तिच्यावर सहसा कोणतेही एकच साल छापता येत नाही. यजमान लवचिक लांब काठीच्या टोकाची अरुंद वाटी पिंपाच्या बुचाच्या भोकातून सायीखाली झपकन बुडवतो आणि डोक्याच्या उंचीवरून दुसऱ्या हातातील चिमुकल्या पेल्यात धार सोडतो. धार सहसा सांडत नाही. आपण प्रयत्न केला तर बूट भिजतात.

यजमानाला ‘तुमची सर्वांत चांगली वाइन कोणती’ असे विचारल्यास ठरलेले उत्तर मिळते. त्याऐवजी कोणत्या वर्षी हवामानाने दगा दिला आणि तेव्हा काय केले, असे विचारावे. गोठण, गारपीट किंवा अवकाळी पाऊस यांच्या गोष्टी शेतकरी मनापासून सांगतो. चव घेण्याचे शुल्क अनेक ठिकाणी बाटली विकत घेतल्यास माफ होते. खरेदीची सक्ती कुठेच नसते, मात्र दोघांसाठी एखाद्या छोट्या उत्पादकाने पाच बाटल्या उघडल्या असतील तर एक तरी घेऊन निघणे रीतीला धरून होते.

जेवणाचे गणित

दोन भेटींच्या मधले दुपारचे जेवण हेच दिवसाचे मुख्य जेवण ठरवावे. फ्रान्सच्या खेड्यांत स्वयंपाकघरे साधारण दुपारी दोनला बंद होतात आणि रविवारी संध्याकाळी व सोमवारी अनेक ठिकाणी कुलूप असते. हे ध्यानात न घेता आलेला पाहुणा बिस्किटांवर रात्र काढतो. स्पेनमध्ये उलट, दुपारी दोनच्या आधी कोणी जेवायलाच बसत नाही. मिशेलिनचे मार्गदर्शक पुस्तक १९०० पासून आणि त्यातील उपाहारगृहांना मिळणारे तारे १९२६ पासून चालत आले आहेत. पण चार दिवसांच्या सहलीत ताऱ्यांपेक्षा वाजवी दरातील चांगल्या जेवणासाठी दिली जाणारी ‘बिब गुरमाँ’ ही खूण जास्त उपयोगी पडते. तारांकित जेवण तीन-तीन तास चालते आणि त्यासोबतच्या वाइन वेगळ्या. दुपारची भेट मग बुडालीच समजावी.

रियोहाची राजधानी लोग्रोन्यो येथील लाउरेल गल्लीत संध्याकाळ घालवावी. तिथे दाटीवाटीने मद्यगृहे आहेत आणि बऱ्याच ठिकाणी एखादाच पदार्थ नावाजलेला असतो. एके ठिकाणी उभ्याउभ्या एक बशी, एक छोटा पेला आणि मग पुढचे दार. ऑस्ट्रियात ‘हॉयरिगर’ शोधावे. सम्राट दुसऱ्या जोसेफने १७८४ मध्ये उत्पादकांना स्वतःची वाइन घरच्या घरी विकण्याची मुभा दिली, त्यातून ही घरगुती मद्यालये वाढली. दारावर हिरवी डहाळी टांगलेली दिसली की आज विक्री चालू आहे असे समजावे. आपली बाटली उपाहारगृहात नेण्याचा बेत असेल तर बूच उघडण्याचे शुल्क किती ते फोनवरच विचारावे.

खरेदी आणि बांधाबांध

वाइनची खरेदी करताना प्रसिद्ध नावाची बाटली घेण्याचा मोह आवरावा, कारण ती घराजवळच्या दुकानातही मिळण्याचा संभव असतो. जी बाटली त्या गावाबाहेर फारशी जातच नाही ती घ्यावी. लेबलवरील काही शब्द वाचता आले की घासाघीस न करताही फसगत टळते: रियोहाच्या लाल वाइनवर ‘क्रियान्सा’ असेल तर ती किमान दोन वर्षे, ‘रेसेर्वा’ असेल तर तीन आणि ‘ग्रान रेसेर्वा’ असेल तर पाच वर्षे मुरलेली असते, पहिल्या दोन प्रकारांत त्यांपैकी किमान एक वर्ष आणि तिसऱ्यात दोन वर्षे ओकच्या पिंपात गेलेली असतात. इटलीतील क्यान्ती क्लासिको प्रदेशाच्या बाटलीवर काळा कोंबडा असतो. नुसत्या ‘क्यान्ती’वर तो नसतो.

वाइनपलीकडची खरेदी वारांवर अवलंबून असते. टस्कनीतील आरेत्सो येथे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आणि त्याच्या आदल्या शनिवारी जुन्या वस्तूंचा बाजार १९६८ पासून भरतो आणि गावाचा जुना भाग त्याने भरून जातो. प्रोव्हान्समधील लिल-सूर-ला-सोर्ग येथे रविवारची सकाळ गाठावी. जुने पेले, बूच काढण्याची हत्यारे आणि हाताने विणलेले टेबलक्लॉथ अशा ठिकाणी चांगले मिळतात. ‘लागिओल’ नावाचे चाकू व बूच-ओढणे घेताना पात्यावरील नाव पुरेसे मानू नये, कारण त्या नावाचा माल दूरदूरच्या कारखान्यांतही तयार होतो. कोणत्या कार्यशाळेत बनवले ते विचारून घ्यावे.

बाटल्या किती न्यायच्या, हे वजन ठरवते. भरलेली एक बाटली साधारण सव्वा ते दीड किलोची असते, म्हणजे सहा बाटल्यांतच आठ-नऊ किलो संपले. विमानाच्या केबिनमध्ये बहुतेक ठिकाणी १०० मिलिलिटरहून मोठी द्रवाची बाटली नेता येत नाही, त्यामुळे वाइन मोठ्या बॅगेतच जाते. मद्यार्क २४ टक्क्यांपर्यंत असलेल्या पेयांवर विमान सुरक्षेच्या नियमांत प्रमाणाची मर्यादा नाही, म्हणून २० टक्क्यांच्या आसपासची पोर्टही त्यात बसते. २४ ते ७० टक्क्यांच्या मद्याला मात्र माणशी पाच लिटरची मर्यादा आहे. सीमाशुल्काचा हिशेब याहून वेगळा असून तो उतरण्याच्या देशावर ठरतो: अमेरिकेत प्रौढ प्रवाशाला एक लिटर मद्य, तर युरोपीय संघाबाहेरून संघात येणाऱ्याला चार लिटर साधी वाइन बिनशुल्क आणता येते. दुपारच्या उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत बाटल्या ठेवू नयेत. वाइन तापून फुगते, बूच वर ढकलले जाते आणि सहलीची सर्वांत महाग बाटली घरी पोहोचेपर्यंत शिळी होते.

बाटल्या शेवटच्या सकाळी घाईने नव्हे, आदल्या संध्याकाळी बांधाव्यात. प्रत्येक बाटली आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळावी, मग जाड मोज्यात किंवा लोकरीच्या कपड्यात, आणि बॅगेच्या मधोमध अशी ठेवावी की तिच्या सर्व बाजूंना चार बोटे कपडे राहतील व काच काचेला टेकणार नाही. कर परताव्याचा लाभ घ्यायचा असेल तर बॅग बंद करण्याआधी पावत्या बाहेर काढून ठेवाव्यात. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या प्रवाशाला फ्रान्समध्ये १०० युरोंहून अधिक खरेदीवर परतावा मागता येतो आणि त्यासाठी विमानतळावरील ‘पाब्लो’ यंत्रावर पावतीचा बारकोड स्कॅन करावा लागतो. अधिकारी माल पाहायला मागू शकतात, म्हणून हे काम बॅगा विमान कंपनीच्या ताब्यात देण्याआधी उरकावे आणि त्यासाठी विमानतळावर तासभर लवकर पोहोचावे.